बंदुकीच्या दारूची निवड (कोकण)

बंदुकीच्या नळीत किंवा काडतुसात कोणती दारू भरायची हे ठरवण्याची विद्या. अमेरिकेत शिकारी रायफलीची काडतुसे घरी भरण्याची रीत आहे, त्यामुळे तिथे हा हौशी शिकाऱ्यांचा नेहमीचा विषय. कोकणात तो बहुतांशी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, बंदुकीपुरता उरला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजून दिसतात. रानडुक्कर भातात शिरले किंवा केलडी (माकडे) नारळावर चढली की हवेत बार काढायचा, हे त्यांचे मुख्य काम.

दारूच्या दोन जाती आहेत आणि निवडीतला खरा प्रश्न या दोघींतलाच आहे. काळी दारू म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो आणि गंधकामुळे पेट लवकर घेतला जातो. दुसरी बिनधुराची दारू. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून ती तयार केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याची लेबेल रायफल तिच्यावर चालू लागली. काहींत नायट्रोग्लिसरीनही असते. आजचे रायफलीचे काडतूस याच जातीवर चालते.

दोन्ही जातींतला फरक धुरापेक्षा जळण्याच्या रीतीत आहे. काळ्या दारूचा जळण्याचा वेग दाबामुळे फारसा बदलत नाही. तो मुख्यतः दाण्याच्या आकारावर ठरतो. बिनधुराची दारू उघड्यावर शांतपणे जळते, पण कोंडली की दाब वाढतो, दाबामुळे ती अधिक वेगाने जळते आणि त्याने दाब आणखी वाढतो. अमेरिकी मानकानुसार .३०-०६ रायफलीच्या काडतुसाला दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत दाब चालतो; छऱ्याच्या बंदुकीच्या नेहमीच्या बारा बोअर काडतुसाची मर्यादा ११,५०० पौंड आहे. ठासणीच्या जुन्या नळीला तर असे कोणतेच मानक नसते. म्हणून फोडलेल्या काडतुसातली दारू काढून ठासणीच्या बंदुकीत ओतणे हा या विषयातला सर्वांत घातक प्रकार होय. माप तेच, पण जोर कितीतरी पट. नळी फाटते आणि इजा बंदूकधाऱ्याच्याच हाताला, डोळ्याला होते. ‘थोडीच घातली तर काय होतं’ हे गावठी समर्थन इथे चालत नाही. दोन्ही दारू एकत्र करणे तितकेच वाईट. थोडक्यात, निवड माणूस करत नाही, नळी करते.

काळ्या दारूतही दाण्याची निवड असते. मोठ्या व्यासाच्या नळीला जाडा दाणा, लहान नळीला बारीक, आणि जुन्या चकमकीच्या बंदुकीच्या कानात (ठिणगी पडते त्या खळग्यात) अगदी भुकटीसारखी. दाणा बारीक म्हणजे जळणारे पृष्ठ जास्त आणि दाब लवकर चढणारा. नेहमीच्या मापाने बारीक दारू भरली तर धक्का लगेच जाणवतो. दारूवर बोळा आणि गोळी घट्ट टेकलेली हवी. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. आधीचा बार काढल्यावर नळीत ठिणगी दबून राहते, म्हणून जाणते लोक दारूच्या भांड्यातून थेट नळीत ओतत नाहीत. वेगळ्या मापात घेऊन ओततात.

कोकणात खरी परीक्षा हवेची असते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि किनाऱ्यावर बारमाही खारा दमटपणा. शुद्ध सोरा एरवी फारसे पाणी ओढत नाही, पण त्यात मिठाचा किंवा सोडियम नायट्रेटचा अंश राहिला की तो ओल शोषतो, आणि कोळसाही शोषतोच. भिजलेली दारू उन्हात वाळवली तरी पूर्वीसारखी होत नाही, कारण सोरा पाण्यात विरघळून वेगळा होतो आणि पुन्हा स्फटिक बनताना मिश्रण विस्कटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात दारूखाना घरांपासून दूर, तळघरात, माचावर ठेवण्यास सांगितले आहे, आणि ठराविक दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मुद्रा करून ठेवण्यासही. हे लिहिणाऱ्याला पावसाळा चांगला ठाऊक होता. त्या काळी उत्तम सोरा बिहारातून येई आणि युरोपीय कंपन्यांचे त्यावर बारीक लक्ष असे.

बारानंतरचा गाळही इथे जास्त त्रास देतो. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन रूपात उरतो. हा गाळ ओल धरतो आणि नळी गंजवतो. उपाय सोपा आहे: त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, पूर्ण कोरडी करून तेल लावणे. तेल लावण्याआधी पाण्याने धुवावी लागते, हे मात्र बरेच जण विसरतात.

रायफलीच्या काडतुसाची निवड हे वेगळे शास्त्र. तिथे बिनधुराच्या दारूच्या अनेक जाती असतात आणि त्या जळण्याच्या वेगाने ओळखल्या जातात. दाण्याचा आकार, त्यावरील लेप आणि आतली छिद्रे यांनी वेग ठरतो. काडतूस मोठे, नळी अरुंद आणि गोळी जड असेल तर मंद दारू. नळी रुंद आणि काडतूस सरळ (तोंडाशी न निमुळते) असेल तर वेगवान. .३०-०६ साठी आयएमआर या अमेरिकी छापाच्या ४३५० सारखी मंद दारू प्रसिद्ध आहे. नावांवर मात्र विसंबू नये: एच ४८३१ (हॉजडन या दुसऱ्या छापाची) आणि आयएमआर ४८३१ यांचा आकडा एकच, वेग वेगळा, एकीचे माप दुसरीला लावले तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणून तिथले शिकारी उत्पादकाचे छापील तक्ते समोर ठेवून खालच्या मापापासून सुरुवात करतात आणि टोपी (काडतुसाच्या बुडाची, ठिणगी देणारी) सपाट झाली किंवा बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) जड उघडला, म्हणजे दाब फार वाढल्याची खूण दिसली, तर थांबतात. उष्णतेचाही परिणाम होतो. एप्रिलच्या उन्हात गाडीत पडून तापलेले काडतूस थंड काडतुसापेक्षा जास्त दाब देते, आणि हे फरक कमी असणाऱ्या जाती खास बनवल्या जातात.

भारतात परवानाधारक बहुधा कारखान्यातली काडतुसे घेतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची बारा बोअरची काडतुसे सर्वपरिचित आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसे बनवायलाही परवाना लागतो, म्हणून घरगुती भरणी हा इथे छंद होऊ शकला नाही. दारू बनवण्याचेही तेच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीवर बंदी आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते. निवडणूक जाहीर झाली की गावातल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि काजूचा हंगाम त्याच दिवसांत आला तर बागायतदार तक्रार करतो.