मधुमेह व मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया

मानेतील ७ मणक्यांमध्ये मज्जारज्जूवर किंवा तेथून निघणाऱ्या नसांवर आलेला दाब दूर करणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या सुधारणेवर व खर्चावर मधुमेहाचा होणारा परिणाम. मानेच्या पुढून दोन मणक्यांमधली चकती काढून मणके जोडण्याची पद्धत १९५० च्या दशकात रॉबिन्सन व स्मिथ आणि स्वतंत्रपणे क्लोवर्ड यांनी रूढ केली. मणक्यांची मागची कमान दारासारखी उघडणारी लॅमिनोप्लास्टी १९७० च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली.

खरी अडचण निदानापासूनच सुरू होते. तळपायांना मुंग्या येणे, चालताना पायातली चप्पल निसटली तरी न कळणे ही लक्षणे मधुमेहामुळे होणाऱ्या चेताविकारात (नसांच्या बिघाडात) दिसतात, तशी मज्जारज्जू दबल्यावरही. मात्र पहिल्यात घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया (टाचेमागे ठोकल्यावर पाऊल आपोआप हलणे) मंदावते, दुसऱ्यात ती वाढते. दोन्ही विकार एकत्र असल्यास हा फरक पुसट होतो आणि ‘शुगरमुळे होतंय’ म्हणत दिवस निघून जातात. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळू लागली, तर मानेचा संशय घ्यावा.

मज्जारज्जूपुढील अस्थिबंध (मणक्यांना बांधणारा पट्टा) हाडासारखा कठीण होण्याचा विकार जपानी संशोधकांनी विशेष अभ्यासला. तो मधुमेहींत अधिक आढळतो. पण कारणाबाबत मतभेद आहेत. काहींच्या मते वाढलेले इन्शुलिन हाडाच्या पेशींना चेतवते. इतर स्थूलत्वाला मूळ कारण मानतात. अलीकडील आनुवंशिक अभ्यासांचा कल पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

रक्तातील साखर वाढलेली राहिल्यास पांढऱ्या पेशींची जंतुनाशक क्षमता घटते, कोलॅजन (ऊती बांधून ठेवणारे प्रथिन) बिघडते, जखम व हाडांचा सांधा उशिरा जुळतो. संसर्गाचा धोका मानेच्या मागून घेतलेल्या छेदात जास्त असतो. शस्त्रक्रियेनंतर मधुमेहींच्या हातापायांतही सुधारणा होते. दीर्घकाळचा, अनियंत्रित मधुमेह असल्यास ती कमी पडते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ‘तीन महिन्यांची साखर’ (एचबीए१सी) पाहतात. सर्वमान्य मर्यादा नाही; ७ ते ८ टक्क्यांच्या आसपासचे आकडे वापरात आहेत. एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या किमान ३ दिवस आधी थांबवतात, कारण त्यांमुळे साखर फारशी न वाढताही रक्तातील आम्लता धोकादायकरीत्या वाढू शकते. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर घशाची सूज उतरावी म्हणून दिलेले डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मात्र साखर वाढवते.

मणके जोडणाऱ्या प्लेट-स्क्रूची किंमत सर्वांना सारखीच; खर्चात फरक पडतो तो रुग्णालयातला वाढलेला मुक्काम, इन्शुलिन, तपासण्या व क्वचित दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे. अमेरिकेतील रुग्णालयीन नोंदींत मधुमेहींचा मुक्काम व बिल दोन्ही जास्त आढळतात. भारतात आरोग्यविम्यात मधुमेहासारख्या पूर्वीच्या आजारांना संरक्षण मिळण्याआधीची प्रतीक्षा २०२४ पासून कमाल ३६ महिने आहे.