फ्रीजमधला 'एचसी' : मिश्रण आलं कुठनं आणि मागं पडलं कसं

जुन्या फ्रीजमध्ये गारवा करणारा आर-१२ हा सीएफसी गॅस ओझोन खातो हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, म्हणून १९८७ चा मॉन्ट्रियल करार, १९९२ ला भारत त्यात आला वगैरे सोडूनच देतो. खरा घोळ पुढं झाला, की आर-१२ च्या जागी घालायचं काय?

मोठ्या कंपन्यांनी आर-१३४ए हा गॅस धरला. पेट घेत नाही, ओझोनला धक्का नाही, 'सीएफसी फ्री' स्टिकर लावायला मोकळे. कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास १,४०० पट पृथ्वी तापवतो ते मात्र स्टिकरवर कुठं लिहिणार! वर त्याला कंप्रेसरमधलं जुनं मिनरल ऑइल चालत नाही, पॉलिओलेस्टर लागतं, आणि ते हवेतलं पाणी असं ओढतं की खानापूर-जांबोटीच्या पावसात सिस्टम जरा वेळ उघडी राहिली की मॉइश्चर चोक, म्हणजे पाणी गोठून नळी तुंबणं, आलंच समजा.

त्याच सुमारास पूर्व जर्मनीतल्या, बंद पडायला आलेल्या एका कारखान्यानं प्रोपेन आणि आयसोब्युटेन हे हायड्रोकार्बन, म्हणजे 'एचसी', गॅस मिसळून फ्रीज काढला, १९९३ ला तो बाजारात आला. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ ला, निम्मंनिम्म केलं की प्रेशर आर-१२ च्या जवळ येतं, म्हणजे कंप्रेसर तोच, ऑइल तेच. आधी बाकीचे 'बॉम्ब आहे' म्हणून ओरडले आणि वर्ष-दीड वर्षात स्वतःच हायड्रोकार्बनकडं वळले, पण वळले ते नुसत्या आयसोब्युटेनकडं, म्हणजे आर-६००ए. कारण असं, की मिश्रण लीक झालं तर प्रोपेन आधी पळतो आणि प्रमाण बिघडतं. शिवाय नवा, मोठ्या डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे दर फेरीत जास्त गॅस ओढणारा कंप्रेसर लावला की ६००ए आवाज कमी करतो, वीजही कमी खातो, आणि २००६ नंतर आपल्याकडं स्टार लेबल आल्यावर तेच कामाचं ठरलं. कारखान्यासाठी पटतं, पण जुना आर-१२ चा फ्रीज दुरुस्तीला आला तर त्याला मिश्रणच सोयीचं, हे कुणी मोठ्यानं बोललं नाही.

आणि शब्दाचा गुंता वेगळाच. बेळगावात दुकानात 'एचसी घाला की' म्हटलं तर ६००ए, मिश्रण, आणि काही ठिकाणी चक्क स्वयंपाकाचा सिलिंडर, तिन्हीला एकच नाव. तिसरा तर रेफ्रिजरंट, म्हणजे फ्रीजसाठीचा गॅस, नव्हेच, प्रमाणाचा भरवसा नाही, वासासाठी घातलेलं गंधकाचं रसायन आणि ओलावा वेगळा. बदनामी मात्र तिघांची मिळून. ६००ए ला अजून एक गंमत, चालू फ्रीजमध्ये लो साइड, म्हणजे कंप्रेसर गॅस ओढतो ती बाजू, हवेच्या दाबाखाली जाते, गेजचा काटा व्हॅक्यूममध्ये. आर-१२ वर हात बसलेला माणूस म्हणतो गॅस कमी आहे, आणि भरत सुटतो, मग सक्शन लाईनवर, म्हणजे कंप्रेसरकडं परत येणाऱ्या नळीवर, बर्फ, कंप्रेसर तापलेला, बिल वाढलेलं.

जिथं आर-१२ १०० ग्रॅम लागायचा तिथं मिश्रण ४०-४५ ग्रॅम पुरतं, त्यामुळं अंदाज चालत नाही. शहापुरात एका मेकॅनिकनं सोनाराकडचा जुना काटा आणून ठेवलाय, छोटा कॅन त्यावर उलटा धरतो, दोन्ही गॅस सारखे यावेत म्हणून लिक्विडमध्येच भरतो, आणि तोवर दुकानात कुणाला बिडी पेटवू देत नाही.