व्हिएतनामी खानपान

व्हिएतनामी खानपान : व्हिएतनाम या आग्नेय आशियाई देशाची भात, तांदळाच्या शेवया, आंबवलेल्या मासळीचा रस आणि कच्चा हिरवा पाला यांवर उभी असलेली खाद्यपरंपरा. मुंबईहून थेट विमाने सुरू झाल्यापासून मराठी प्रवाशांची तिकडे बरीच ये-जा आहे. तिथले खाणे बेचव लागल्याची तक्रार यातले काही जण करतात. बहुतेक वेळा त्यांनी समोर आलेला वाडगा जसाच्या तसा खाल्लेला असतो. व्हिएतनामी स्वयंपाकात शेवटचा हात खाणाऱ्याने फिरवायचा असतो. लिंबू, मिरची, लसणाचा व्हिनेगर, मासळीचा रस आणि पाल्याची परडी टेबलावर ठेवलेली असते ती त्यासाठीच.

या चवीचा पाया म्हणजे नुओक माम. मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी आणि मीठ साधारण तीनास एक या प्रमाणात लाकडी पिंपांत थरांनी भरतात आणि वर्षभर मुरू देतात. तळाशी उतरणारा तांबूस, पारदर्शक रस म्हणजे नुओक माम. फू क्वॉक बेट आणि फान थिएत ही त्याची नावाजलेली ठिकाणे. फू क्वॉकच्या नुओक मामला २०१२ मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक नावाचे संरक्षण दिले. बाटलीला थेट नाक लावल्यास वास उग्र येतो. जेवणात मात्र तो सहसा पाणी, लिंबू, साखर, लसूण आणि मिरची घालून पातळ केलेला असतो, आणि तेव्हा आंबट-गोड-खारट-तिखट यांतले काहीच वरचढ होत नाही.

फो हा देशाबाहेर सर्वांत प्रसिद्ध झालेला पदार्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेत, नाम दिन्ह आणि हनोई या भागात आकाराला आला. हाडे तासन्‌तास मंद उकळून, त्यात निखाऱ्यावर भाजलेले आले-कांदा, चक्रीफूल, दालचिनी आणि मसाला वेलची घालून रस्सा करतात. तो गढूळ झाला तर दुकानाची अब्रू गेली. वाडग्यात तांदळाच्या चपट्या शेवया, त्यांवर मांसाचे पातळ काप आणि वरून कढत रस्सा. खाण्याची रीत ठरलेली आहे : आधी चमचाभर रस्सा नुसता चाखायचा, मग लिंबू पिळायचे, उजव्या हातातल्या काड्यांनी शेवया उचलायच्या आणि डाव्या हातातल्या चमच्याने रस्सा प्यायचा. फो मुळात सकाळची न्याहारी. चांगल्या दुकानातले पातेले दुपारपर्यंत रिकामे झालेले असते. गोमांस न खाणाऱ्याने ‘फो गा’, म्हणजे कोंबडीचा फो मागावा. १९५४ च्या फाळणीनंतर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले, त्यांच्याबरोबर फो सायगॉनला (आजचे हो ची मिन्ह सिटी) पोचला आणि तिथे मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीचा पाला आणि गोडसर सॉस यांनी भरून गेला. हनोईकरांना ही भर नकोशी वाटते. हनोईचा साधेपणा एकदा तरी अनुभवावा, पण नवख्याला सायगॉनचा वाडगा लवकर आवडतो, हेही खरे. १९८६ च्या आर्थिक सुधारणांपूर्वी, शिधावाटपाच्या काळात, सरकारी दुकानांत मांसाविना फो मिळे. अमेरिकेच्या वैमानिकाविना उडणाऱ्या टेहळणी विमानांवरून लोकांनी त्याचे नाव ‘बिनचालकाचा फो’ पाडले होते.

दुपारी हनोईच्या गल्ल्यांत कोळशाचा धूर दिसला की तो बहुधा ‘बुन चा’ या पदार्थाचा असतो. डुकराच्या मांसाच्या चपट्या वड्या आणि काप निखाऱ्यावर भाजून पातळ केलेल्या कोमट नुओक माममध्ये टाकतात, त्यात कच्च्या पपईच्या चकत्या तरंगत असतात. शेवया आणि पाला वेगळे येतात; एकेक घास शेवया रसात बुडवून, पाल्यासह खायचा. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा आणि खाद्यप्रवासी अँथनी बोर्डेन यांनी मे २०१६ मध्ये हनोईतल्या हुओंग लिएन या साध्या उपाहारगृहात बुन चा खाल्ले. ते टेबल आता काचेच्या पेटीत आहे. बाकीच्या टेबलांवर गर्दी असतेच.

मध्य व्हिएतनाममध्ये तिखट वाढते. हुए हे १८०२ ते १९४५ या काळात न्युएन राजघराण्याचे आसन होते, त्यामुळे तिथे एका घासाचे नाजूक पदार्थ भरपूर. पण गवती चहा आणि मिरचीचा झणझणीत बुन बो हुए हा शेवयांचा रस्सा त्याच गावचा. होई आनचा काओ लाउ, म्हणजे जाड, चिवट, पिवळसर शेवया, त्या गावाबाहेर क्वचितच नीट जमतो. दक्षिणेत नारळ आणि साखर आली. बान सेओ हे तांदळाचे पीठ, हळद आणि नारळाचे दूध यांचे कुरकुरीत पोळे आपल्या घावनाचे भावंड शोभेल, फक्त त्यात कोळंबी आणि डुकराचे मांस असते आणि तुकडा पानात गुंडाळून खातात. सायगॉनचा कोम ताम म्हणजे कणीचा भात. गिरणीत तुटलेला स्वस्त तांदूळ गरिबांच्या पोटाला होता. आज तोच शहराची ओळख आहे. फ्रेंचांनी आणलेल्या पावातून बान मी झाला : कुरकुरीत कवच, आत पाटे (यकृताचा मऊ लगदा), मांस, लोणच्यासारखे आंबवलेले गाजर-मुळा, कोथिंबीर आणि मिरची. दक्षिणेतल्या ‘का री’ रश्श्यामागे भारतीय व्यापाऱ्यांचा हात आहे. सायगॉनचे मारिअम्मन मंदिर त्याच वस्तीची खूण.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांसापेक्षा नुओक मामची आहे. पाण्यात वाढणाऱ्या नाळीच्या पाल्याची, लसूण घालून परतलेली भाजी दिसायला शुद्ध शाकाहारी, पण तिच्यातही तो पडलेला असू शकतो. उपाय मात्र देशातच आहे. महायान बौद्ध परंपरेमुळे अनेक कुटुंबे चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, मांस-मासे टाळतात आणि ‘चाय’ अशी पाटी असलेली उपाहारगृहे त्या दिवशी ओसंडून वाहतात. तिथे टोफू, अळंबी आणि सोयाबीन वापरून केलेले सगळे पदार्थ मिळतात, फोसुद्धा. अस्सल चाय स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असते, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही तिथे बरीच सोय होते. इतरत्र ‘शाकाहारी’ एवढेच सांगून भागत नाही. नुओक माम नको, हे वेगळे सांगावे लागते.

पेयांत हनोईची बिया होई ही हलकी, ताजी बिअर रस्त्याच्या कडेला, गुडघ्याएवढ्या प्लास्टिक स्टुलांवर बसून पितात. पिंप त्याच दिवशी संपवायचे असते. गार बिनदुधाचा चहा, त्रा दा, कुठेही मिळतो, अनेक ठिकाणी जेवणाबरोबर फुकट.

कॉफीची रोपे १८५७ च्या सुमारास फ्रेंच मिशनऱ्यांनी आणली आणि आज व्हिएतनाम कॉफी पिकवण्यात ब्राझीलखालोखाल दुसरा आहे. पीक मुख्यतः रोबस्टा या जातीचे, म्हणून कडू आणि दमदार. फिन नावाची छिद्रांची धातूची चाळणी पेल्यावर ठेवतात. थेंब पडायला चार-पाच मिनिटे लागतात आणि घाई करणाऱ्याला इथे कोणी विचारत नाही. ताजे दूध दुर्मीळ असल्याने तळाशी गोड आटीव दूध घालण्याची रीत पडली. १९४६ मध्ये हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्युएन वान झांग यांनी दुधाच्या टंचाईत अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. हीच अंडा कॉफी. त्यांच्या नावाचे छोटे दुकान हनोईच्या जुन्या भागात अजून चालू आहे, आणि तिथे पेला गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात, म्हणजे फेस थंड होत नाही.