धनाग्र, ऋणाग्र आणि प्रभाराच्या चिन्हाचा गुंता

इलेक्ट्रॉन ऋण आणि प्रोटॉन धन, पण ही चिन्हे इलेक्ट्रॉन सापडण्याच्या दीडशे वर्षे आधीच ठरली होती. १७४७ च्या सुमारास घासलेल्या काचेवरचा प्रभार धन मानला गेला. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन हाती लागला, तेव्हा तारेतून प्रत्यक्ष वाहणारा कण ऋण निघाला. आकृतीतला प्रवाहाचा बाण आजही त्याच्या उलट दिशेने काढतात.

मराठीत खरा घोळ झाला तो पुढच्या शब्दांमुळे. आयन (प्रभार असलेला अणू किंवा अणुसमूह), ॲनोड (जिथे इलेक्ट्रॉन सोडले जातात ते टोक), कॅथोड (जिथे ते घेतले जातात ते टोक) हे शब्द १८३४ मध्ये घडवताना चिन्हांचा उल्लेख मुद्दाम टाळला होता. विजेच्या स्वरूपाबद्दलचे मत उद्या बदलले, तरी शब्द टिकावेत म्हणून. ग्रीकमधून घेतलेला ॲनोड म्हणजे वर चढणारी वाट आणि कॅथोड म्हणजे खाली उतरणारी. डोळ्यांपुढे होते सूर्याचे उगवणे-मावळणे. आपण त्यांचे धनाग्र आणि ऋणाग्र केले, आणि जे टाळले होते तेच शब्दात घातले. मुलामा देण्याच्या टाकीत हे जुळते, विद्युतघटात मात्र उलटे होते. टॉर्चचा जुना, साधा सेल आठवा. बाहेरचे जस्ताचे भांडे इलेक्ट्रॉन सोडत झिजते, म्हणून ते ॲनोड. पण तेच सेलचे ऋण टोक. मधली काळी कार्बनची कांडी, जिच्या डोक्यावर धातूची टोपी असते, ती कॅथोडची बाजू, म्हणजे धन टोक. मग ‘ऋणाग्र धन असते’ असे वाक्य मुलांना कसे समजवायचे?

१९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आल्यापासून हा प्रश्न वर्गाबाहेरही आला. तिच्यातल्या ग्रॅफाइटच्या बाजूला, वापरात असो वा चार्जिंगला लावलेली, ॲनोडच म्हणतात. ते टोक ऋण असते. त्याचे ‘धनाग्र’ असे भाषांतर सरळ चूक आहे. इथे ॲनोड-कॅथोड हेच शब्द राहू द्यावेत. धन आयन, ऋण आयन यांना मात्र हरकत नाही: सोडियमच्या आयनात ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन असतात, तिथे चिन्ह खरोखरच कणाचे आहे.

‘इलेक्ट्रॉन’ हा शब्दही १८९१ मध्ये आला तो कणासाठी नव्हे, प्रभाराच्या सर्वांत लहान मात्रेसाठी. ती मात्रा १९०९ पासून तेलाचे बारीक थेंब विद्युतक्षेत्रात तरंगत ठेवून मोजली गेली. १९६४ मध्ये क्वार्कची, म्हणजे प्रोटॉनच्याही आत असलेल्या कणांची, कल्पना आली आणि अधिक दोन-तृतीयांश, उणे एक-तृतीयांश असे प्रभार मांडले गेले. पण सुटा क्वार्क कधी दिसलेला नाही. २० मे २०१९ पासून ही मात्रा मोजायची राहिलेली नाही. ती १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम (प्रभाराचे एकक) अशी कायमची ठरवली आहे, आणि अँपिअरची, म्हणजे प्रवाहाच्या एककाची, व्याख्या आता तिच्यावरून होते. त्याआधी ती दोन समांतर तारांमधल्या बलावरून होत असे.