हे यंत्र कितव्या पायरीवर आहे?

समजा, परभणीत मातीतला ओलावा मोजणारं यंत्र तयार झालं. कुंडीतल्या मातीत ते बरोबर आकडे दाखवतं, पेटंटचा अर्जही गेला आहे. आता ते बनवणारी कंपनी शोधायची. विद्यापीठांत हे काम तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालय करतं. कंपनी आधी एकच विचारते: कितपत तयार आहे?

'जवळजवळ तयार' म्हणून भागत नाही. 'नासा'चे स्टॅन सॅडिन यांनी १९७४ मध्ये तंत्रज्ञानाची सिद्धता मोजायला सात पायऱ्या सुचवल्या, पुढे त्या नऊ झाल्या. चौथी पायरी म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी. पाचवीला वापराच्या जागेसारखी परिस्थिती लागते, सातवीला नमुना प्रत्यक्ष त्या जागीच चालवून दाखवावा लागतो. नववीला तंत्रज्ञान नेहमीच्या वापरात सिद्ध झालेलं असतं.

म्हणजे यंत्र किती सुबक दिसतं याला इथे किंमत नाही. ते कुठे तपासलं हे महत्त्वाचं. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं भरपूर. पाणी मिळालं की ती फुगतात, वाळली की आकसतात आणि रानाला भेगा पडतात. असे बरेच सेन्सर मातीचा पराविद्युत स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्रात ती किती ऊर्जा साठवते याचं माप, मोजून ओलावा सांगतात. पाण्यासाठी तो सुमारे ८०, हवेसाठी १. मातीत खोवलेल्या सळईशेजारी भेग पडली की सेन्सर मातीऐवजी हवा मोजू लागतो. रानात वापसा असला तरी आकडा कोरडाच येतो आणि ठिबक विनाकारण सुरू होतं. कुंडीत हे कळणारच नाही. म्हणून हे यंत्र अजून चौथ्याच पायरीवर आहे, आणि कार्यालयानं तसंच लिहावं असं मला ठाम वाटतं. सहावी पायरी सांगून करार होईलही, पण फसलेल्या यंत्राचा भुर्दंड शेतकऱ्याला बसेल.

मूल्यमापनाला महागडा सल्लागार लागत नाही. चाचणी कोणत्या मातीत झाली, किती हंगाम चालली, संशोधकाखेरीज कुणी यंत्र हाताळलं का, आणि नोंदवही कुठे आहे, एवढं विचारलं तरी बरंच उघड होतं. शिवाय यंत्रातला सर्वांत कच्चा भाग ज्या पायरीवर, तीच अख्ख्या यंत्राची पायरी धरावी. किंमत आणि दुरुस्ती मात्र या पायऱ्यांत येत नाहीत. त्यांची चौकशी वेगळी करावी लागते.

खरी अडचण चौथी ते सातवी या टप्प्याची. संशोधनाचा निधी संपलेला असतो, कंपनी अजून पैसे घालायला तयार नसते. मराठवाड्यात यावर एक साधन हाताशी आहे: कृषी विद्यापीठाची नांदेड, लातूर, बदनापूर इथली संशोधन केंद्रं. तिथल्या रानाचा एक तुकडा दरवर्षी अशा नमुन्यांसाठी राखून ठेवावा आणि पेरणी ते काढणी नोंदी हस्तांतरण कार्यालयाकडे द्याव्यात.