भाषा मॉडेल घरच्या संगणकात कसे मावले

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमधली ग्राहकाची ड्रॉइंग्ज किंवा सीबीएस बसस्थानकाजवळच्या वकिलाकडची पक्षकाराची कागदपत्रे परक्या सर्व्हरवर चढवायची नसतील, तर चॅटजीपीटीसारखे, प्रश्नाला मजकुरात उत्तर देणारे भाषा मॉडेल आपल्याच मशीनवर चालवावे लागते. 2023 पूर्वीही अशी मॉडेल होती, पण रोजच्या कामाला फारशी उपयोगाची नव्हती.

24 फेब्रुवारी 2023 रोजी फेसबुकच्या मेटा कंपनीने लामा हे भाषा मॉडेल जाहीर केले. वेट्स (प्रशिक्षणातून तयार झालेले आकडे, म्हणजे मॉडेलच) फक्त संशोधकांना, तीही अर्ज केल्यावर मिळायची. आठवडाभरात ती टोरंटवर (फाइली आपसांत वाटायच्या जाळ्यावर) फुटली आणि 10 मार्चला गिओर्गी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रामरने साध्या संगणकावर लामा चालवणारा लामा.सीपीपी हा प्रोग्रॅम खुला केला. खरे वळण हेच. 16 बिटांत प्रत्येक पॅरामीटरला (म्हणजे एका वेटला) दोन बाइट लागतात, म्हणजे 7 अब्ज पॅरामीटरच्या लामाला 14 जीबी मेमरी. 4 बिटांवर आणले की तेच चार जीबीच्या आसपास येते. उत्तराचा दर्जा थोडा घसरतो, पण साध्या लॅपटॉपवर काम भागते.

परवान्याची अडचण त्याच वर्षी सुटली. जुलैमध्ये लामा 2 व्यावसायिक वापरासाठी आले, सप्टेंबरमध्ये मिस्ट्रल 7बी (बी म्हणजे अब्ज पॅरामीटर) अपाची या मुक्त परवान्यावर. (‘खुले’ म्हणजे बहुधा वेट्स खुली; प्रशिक्षणाचा मजकूर कुणी सहसा दाखवत नाही.) ऑगस्टमध्ये मॉडेलच्या फाइलींसाठी जीजीयूएफ हा नवा फॉरमॅट आला, म्हणून त्याआधीच्या जीजीएमएल फाइली आजच्या लामा.सीपीपीत उघडत नाहीत.

मॉडेल जलद चालवायला ग्राफिक्स कार्ड कामी येते; त्या कार्डांची गोष्ट आधीची आहे. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनाचे, ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग बंद झाले आणि वापरलेली ग्राफिक्स कार्डे बाजारात आली. त्यांतले आरटीएक्स 3060 अजूनही चांगला सौदा, पण 12 जीबीचेच घ्या. त्याच नावाचे 8 जीबीचे कार्डही विकले जाते आणि त्याची मेमरी हळूही आहे. वेग बँडविड्थवर, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती जीबी वाचता येतात त्यावर ठरतो, कारण प्रत्येक टोकनसाठी (शब्दाच्या तुकड्यासाठी) सगळी वेट्स वाचावी लागतात. दोन चॅनेलची डीडीआर4-3200 रॅम सेकंदाला 51 जीबी देते, 12 जीबीचे हे कार्ड 360. पाच जीबीच्या मॉडेलला रॅमवर सेकंदाला फार तर दहा टोकन, कार्डावर सत्तरेक.

मराठीला मात्र नुसत्या वेगाने भागले नाही. लामा 2 चा शब्दसंग्रह 32,000 टोकनांचा. मराठी शब्द त्यात अक्षराअक्षराने, कधी बाइटपर्यंत तुटे, म्हणून उत्तर रेंगाळे आणि एका वेळी लक्षात ठेवायची 4,096 टोकनांची मर्यादा दोनेक पानांत संपे. एप्रिल 2024 च्या लामा 3 मध्ये संग्रह 1,28,000 वर गेला. गुगलच्या जेमा मॉडेलमध्ये तो अडीच लाखांच्या वर आहे. मराठीसाठी आधी जेमा लावून पाहावे, असे आमचे मत.

लांब करारनाम्याची सुरुवातच मॉडेल ‘विसरते’, ते बहुधा ओलामाच्या (मॉडेल उतरवून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आखूड डीफॉल्ट कॉन्टेक्स्टमुळे, म्हणजे लक्षात ठेवायच्या टोकनांच्या मर्यादेमुळे. तो वाढवा, पण मेमरी मोजून: लामा 3 8बीला 8,192 टोकनांमागे आणखी एक जीबी लागते. वीज गेल्यावर मशीन रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरचे बटण यूपीएस मोडवर आहे का पाहा. ओलामा मुळात फक्त त्याच मशीनला उत्तर देते. ऑफिसातल्या इतरांसाठी त्याच्या सेटिंगमध्ये होस्ट (ज्या पत्त्यावर ते ऐकते तो) 0.0.0.0 केला, तर पासवर्डाविना ते सगळ्या नेटवर्कला खुले होते. राउटरवर ओलामाचे 11434 पोर्ट बाहेर, इंटरनेटला उघडू नका.