मिनिग्रीड आणि सरकारी ऊर्जाधोरण

मिनिग्रीड म्हणजे एका गावापुरती किंवा काही वस्त्यांपुरती स्वतंत्र वीजव्यवस्था. वीज सौर पॅनेल, लहान जलविद्युत संच किंवा बायोमासपासून येते. जोडीला बॅटरी, इन्व्हर्टर आणि घरोघर गेलेल्या तारा. विकसनशील देशांत तिचा प्रसार तंत्रापेक्षा सरकारी नियमांपाशी जास्त अडतो.

परवान्याची अडचण त्यातल्या त्यात सोपी. भारतात वीज कायदा, २००३ च्या कलम १४ प्रमाणे राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही.

दराचे गणित मात्र अवघड. मुख्य ग्रीडची (देशभर पसरलेल्या वीजजाळ्याची) घरगुती वीज बहुधा अनुदानित असते, मिनिग्रीडची बॅटरीमुळे महाग. दोन्हींना एकच दर लावला आणि मधला फरक कोणी भरला नाही, तर पहिली बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा प्रकल्प थांबतो. उत्तर प्रदेशच्या २०१६ च्या धोरणात ३०% अनुदान होते; ते घेणाऱ्याने ५० वॉटच्या जोडणीला महिना ६० रुपये आणि १०० वॉटला १२० रुपयेच घ्यायचे, वर घरांना रोज आठ तास वीज द्यायची. अनुदान न घेणाऱ्याला ग्राहकांशी बोलून दर ठरवायची मुभा होती. हिशेब मांडला की दुसरी वाट का परवडते ते कळते. नायजेरियाच्या २०१६ च्या नियमांत ६०% ग्राहकांची संमती असेल तर ठरलेला दर चालत असे.

गुंतवणूकदाराची खरी धास्ती वेगळीच : उद्या मुख्य ग्रीड गावात आले तर? श्रीलंकेत ग्रामस्थांनी चालवलेले बहुतेक लहान जलविद्युत प्रकल्प ग्रीड आल्यावर बंद पडले. ग्रीडला वीज विकायला लागले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नायजेरियाच्या २०१६ च्या नियमावलीत याची तरतूद होती. परमिटधारकाने (वीज नियामकाची रीतसर परवानगी घेतलेल्याने) ग्रीडला जोडून घ्यावे, नाहीतर मालमत्तेची घसारा वजा जाता किंमत आणि आधीच्या १२ महिन्यांचा महसूल घेऊन बाहेर पडावे. १०० किलोवॉटखालच्या प्रकल्पाला नुसती नोंदणी पुरत असे, पण ही भरपाई परमिट असलेल्यालाच मिळत असे. सोपा रस्ता म्हणून नोंदणीवर थांबणारे इथेच फसत.

जोडून घेणेही कागदावर वाटते तितके सोपे नाही. खांब, तारांची जाडी आणि अर्थिंग वीज कंपनीच्या मानकांत बसावे लागते, इन्व्हर्टर ग्रीडशी जुळणारा हवा, आणि ग्रीडची वीज गेली की तो ग्रीडपासून आपोआप सुटा झाला पाहिजे; नाहीतर लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतते. ग्रीड जास्त व्होल्टच्या एसी विजेवर चालते, म्हणून २४ व्होल्ट डीसीवर (बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या विजेवर) दिवे आणि मोबाइल चालवणाऱ्या मिनिग्रीडच्या तारा तर अशा वेळी भंगारातच जातात.